हरवण्यासाठी बांधलेले वजन

विद्यार्थी मित्रहो, आज सुरुवातीलाच तुम्हांला एक प्रश्न विचारतो. समजा, तुम्हांला एक छोटीशी वस्तू तयार करायची आहे. ती वापरणाऱ्याच्या हातून कधी ना कधी नदीच्या तळाशी जाणार आणि पुन्हा सापडणार नाही, हे तुम्हांला आधीपासूनच पक्के ठाऊक आहे. अशी वस्तू तुम्ही कशाची कराल?

तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? जी हरवणारच आहे, ती स्वस्तातल्या स्वस्त पदार्थाची करावी." उत्तर व्यवहाराचे आहे. पण ते अर्धेच आहे असे माझे मत आहे, आणि उरलेले अर्धे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. ही वस्तू म्हणजे मासे पकडताना गळाच्या दोरीला बांधायचे वजन. दिसायला अगदी क्षुल्लक! वाटाण्याएवढी गोळी, नाहीतर बोटाच्या पेराएवढी कांडी. पण या गोळीत आर्किमिडीजचे तत्त्व आहे, वाहत्या पाण्याचे गणित आहे, आणि एका मोठ्या सुंदर पक्ष्याच्या मरणाची हकीकतही आहे.

वाहत्या नदीत गळ टाकणे

ज्यांचे आजोळ कोकणात आहे त्यांना 'गरवायला जाणे' हा शब्दप्रयोग ठाऊक असेल. खाडीच्या काठी बसून गळाला आमिष लावायचे, दोरी पाण्यात सोडायची आणि मासा लागण्याची वाट पाहत बसायचे. संथ पाण्यात हे सोपे असते. वजन तळाशी जाऊन बसते, दोरी सरळ राहते.

पण नदी जोरात वाहत असेल तर? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ऑरेगन ही राज्ये व कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत या भागात, डोंगरातून उतरणाऱ्या थंड आणि वेगवान नद्या आहेत. स्कॅजिट, डेशूट्स, अम्पक्वा ही त्यांतली काही नावे. या नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा समुद्रातून अंडी घालण्यासाठी परत येतो. हा रेनबो ट्राउटचाच समुद्रात जाऊन येणारा भाऊ. तो पकडण्यासाठी तेथील लोक एक खास पद्धत वापरतात. आमिष एका जागी धरून ठेवायचे नाही. ते प्रवाहाबरोबर वाहू द्यायचे, मात्र नदीच्या तळाला जवळजवळ खेटून वाहू द्यायचे.

तळालाच का? त्याचे कारण पाण्याच्या वेगात आहे. पुलावरून पाहताना आपल्याला पृष्ठभागाचा वेग दिसतो, पण संपूर्ण नदी त्याच वेगाने वाहत नसते. तळाच्या दगडगोट्यांशी घर्षण झाल्यामुळे खालचे पाणी मंद होते. जसजसे तळाकडे जावे तसतसा वेग कमी होत जातो. साधारण नदीत एका उभ्या रेषेवरचा सरासरी वेग पृष्ठभागाच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के असतो, आणि अगदी तळाशी तर तो याहूनही पुष्कळच कमी असतो. आता पाण्याचा रेटा हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेग निम्मा झाला की रेटा एक चतुर्थांश होतो. माशाला हे गणित शिकवावे लागत नाही. शक्ती वाचवण्यासाठी तो तळाजवळ, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा राहतो.

आमिष नुसतेच सोडले तर ते वरच्या वेगवान पाण्यातून माशाच्या डोक्यावरून भुर्रकन निघून जाईल. म्हणून दोरीला वजन बांधायचे. ते दोन कामे करते: आमिषाला खाली नेते, आणि तळाशी अधूनमधून टेकून त्याचा वेग तळाच्या पाण्याइतका मंद ठेवते.

किती वजन?

येथेच खरी गंमत आहे. वजन फार हलके झाले तर ते तळापर्यंत पोहोचतच नाही. फार जड झाले तर ते एका जागी बसते, किंवा दोन दगडांच्या फटीत अडकते. योग्य वजन कोणते, याची कसोटी तेथील जुने मासेमार कानाने आणि हाताने लावतात. काठीचे टोक वर धरले की दोरीतून हाताला 'टक्... टक्... टक्...' अशी जाणीव झाली पाहिजे. वजन काही पावले वाहत जावे, तळाच्या दगडाला टेकावे, उडावे, पुन्हा वाहत जावे. टक् काहीच येत नसेल तर थोडे वजन वाढवायचे. सतत खरखर येत असेल तर थोडे कमी करायचे. नदीची खोली बदलली की वजन बदलायचे. म्हणून हे लोक जवळ पाच-सात ग्रॅमपासून तीस ग्रॅमपर्यंतची वजने बाळगतात. अंदाज करायचा, करून पाहायचे, निरीक्षण करायचे आणि अंदाज सुधारायचा. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय करतो?

टाकायचे कोठे, हेही गणितच आहे. समजा पाणी २ मीटर खोल आहे आणि दोरीसह वजन सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने बुडते. तळ गाठायला ४ सेकंद लागतील. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर तेवढ्या वेळात वजन ४ मीटर खाली वाहत जाईल. म्हणजे मासा जेथे असेल असे वाटते, त्याच्या निदान ४ मीटर वर, प्रवाहाच्या उगमाच्या बाजूला, गळ टाकला पाहिजे. मासेमार हे कागदावर मांडत नाही, पण त्याचा हात तेच करतो.

बांधायचे कसे?

आता बांधणीकडे पाहा, कारण माझ्या मुद्द्याचे मूळ तेथे आहे. मुख्य दोरी म्हणजे नायलॉनचा तंगूस. तिच्या टोकाला एक फिरती कडी, म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. कडीच्या पुढे अर्धा ते एक मीटर लांबीची बारीक दोरी, आणि तिच्या टोकाला गळ. वजन मात्र मुख्य दोरीत ओवत नाहीत. ते कडीपासून निघालेल्या एका आखूड वेगळ्या दोरीला लावतात. कोणी त्या जागी रबराची छोटी नळी बांधतो आणि तिच्यात शिशाची कांडी नुसती दाबून बसवतो. कोणी नायलॉनच्या पोकळ विणीच्या दोरीत बंदुकीचे छर्रे भरतो आणि दोन्ही टोके वितळवून बंद करतो. असे लवचीक वजन दगडांतून सापासारखे सरकते व कमी अडकते.

ही वेगळी आखूड दोरी मुद्दाम कच्ची ठेवतात. मुख्य दोरी ५ किलोचा ताण सोसणारी असेल, तर ही २-३ किलोलाच तुटावी. रबरी नळीतली कांडीही जोराने ओढली की निसटून यावी. कशासाठी? वजन दगडात अडकले तर तेवढेच तुटावे. दोरी, गळ आणि लागलेला मासा वाचावा. सगळा सरंजाम तुटला, तर लांबलचक नायलॉन नदीत पडून राहतो आणि त्यात मासे-पक्षी अडकतात. तेव्हा ही युक्ती शहाणपणाची आहे यात शंका नाही. विजेच्या मंडलात वितळतार घालतो ना आपण? तसेच हे.

पण या शहाणपणाचा अर्थ नीट लक्षात घ्या. हे वजन चुकून हरवत नाही. हरवावे म्हणूनच ते बांधलेले असते. एका दिवसात एका माणसाची अशी चार-सहा वजने गेली तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. आणि आजवर ही वजने बहुतेक करून शिशाची असत आली आहेत.

शिसे इतके लाडके का?

शिशाला दोष देण्यापूर्वी त्याची बाजू ऐकली पाहिजे. शिशाची घनता ११.३ आहे, म्हणजे एका घन सेंटिमीटरचे वस्तुमान ११.३ ग्रॅम. लोखंडाची ७.८, कथिलाची ७.३, बिस्मथची ९.८. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सुमारे २.९. शिसे मऊ आहे, चिमट्याने कापता येते, बोटांनी दाबता येते. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून घरच्या चुलीवरही ओतता येते. शिवाय ते स्वस्त आहे. टंगस्टन शिशाहून पुष्कळच जड, घनता १९.३, पण ते महाग आणि कमालीचे कठीण.

तेव्हा शिशाचे चाहते म्हणतात, "दुसऱ्या धातूचे तेवढेच वजन घ्यायचे तर त्याचा आकार मोठा होतो. मोठ्या आकारावर पाण्याचा रेटा जास्त. मग ते तळापर्यंत जाणार कसे?" हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी मान डोलावू नये. कागद-पेन्सिल घ्यावी. चला, आपण हिशेब करू.

१० ग्रॅमची शिशाची गोळी घ्या. तिचे आकारमान ०.८८ घन सेंटिमीटर. पाण्यात बुडाल्यावर तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन कमी होणार, म्हणजे तिचे पाण्यातले वजन ९.१२ ग्रॅम भरेल. पाण्यात तेवढेच भरणारी लोखंडाची गोळी हवेत किती ग्रॅमची असावी? उत्तर येते जवळजवळ १०.५ ग्रॅम. फक्त अर्धा ग्रॅम जास्त! आकारमान मात्र १.३४ घन सेंटिमीटर, म्हणजे शिशाच्या दीडपट. गोळीचा प्रवाहासमोर येणारा भाग, म्हणजे तिची सावली म्हणू, शिशाच्या बाबतीत १.११ चौरस सेंटिमीटर आणि लोखंडाच्या बाबतीत १.४७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे लोखंडी गोळीवर रेटा सुमारे एक तृतीयांशाने जास्त. आक्षेप खरा ठरला की काय?

थांबा, एक गोष्ट विसरलो. पाण्यात नुसती गोळी नसते, दोरीही असते. ०.३ मिलिमीटर जाडीची, पाण्यात ३ मीटर बुडालेली दोरी घ्या. तिची सावली किती? ०.०३ सेंटिमीटर गुणिले ३०० सेंटिमीटर, म्हणजे ९ चौरस सेंटिमीटर! गोळीच्या आठपट! आता बेरीज करा. शिसे आणि दोरी मिळून १०.११, लोखंड आणि दोरी मिळून १०.४७. फरक शंभरात साडेतीन-चार, बस्स. दोरी तिरपी असते व पाण्याबरोबर थोडी वाहतेही, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण दोन्ही गोळ्यांना दोरी तीच असल्यामुळे तुलना करायला तो पुरेसा आहे.

मग हा फरक भरून कसा काढायचा? काठीचे टोक थोडे उंच धरा. पाण्यातली दोरी ३ मीटरऐवजी अडीच मीटर होईल आणि तिची सावली ९ वरून साडेसातवर येईल. लोखंडी गोळी धरून एकूण सावली ८.९७, म्हणजे शिशाच्या पहिल्या बेरजेपेक्षाही कमी! ज्या तोट्यासाठी धातू बदलायला नको म्हणत होते, तो तोटा मनगट थोडे वर उचलल्याने भरून निघाला. रेट्याचा मोठा वाटा धातूवर पडतच नव्हता, तो पडत होता दोरीवर.

आणखी एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. दोरी न बांधता दोन्ही गोळ्या पाण्यात सोडल्या, तर शिशाची गोळी लोखंडी गोळीपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त वेगाने बुडेल. दोरी बांधल्यावर हा फरक आणखी कमी होतो. पण पूर्ण १५ टक्के धरले, तरी मघाच्या उदाहरणातल्या ४ सेकंदांचे साडेचार-पावणेपाच सेकंद होतील. म्हणजे गळ अर्धा-पाऊण मीटर आणखी वर टाकायचा. यासाठी विषारी धातू पत्करायचा का?

हंसांनी काय गिळले?

विषारी, हा शब्द मी सहज वापरलेला नाही. इंग्लंडमधील संथ नद्यांत गळाच्या दोरीवर शिशाचे फोडलेले छर्रे चिमटीने दाबून बसवण्याची पद्धत होती. तेथे टेम्स नदीवर फार जुन्या काळापासून दरवर्षी हंसांची मोजणी होते. या मोजणीत हंस कमी कमी होत चालल्याचे दिसू लागले. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावाजवळ एव्हन नदीवर हंसांचे मोठे कळप असत. १९७० ते १९८० या दशकात ते जवळजवळ नाहीसे झाले. १९८५ साली टेम्सवर लंडन ते हेन्ली या टप्प्यात हंसांच्या अवघ्या सात जोड्या उरल्या होत्या.

कारण काय? पक्ष्यांना दात नसतात, हे तुम्ही जीवशास्त्रात शिकला आहात. हंस, बदके यांसारखे पक्षी बारीक खडे गिळतात. पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, म्हणजे पेषणीत, ते खडे जात्यासारखे काम करतात आणि अन्न भरडतात. नदीच्या तळाशी खडे वेचताना हंसाच्या चोचीत शिशाचा छर्रा आला, तर त्याला तो खडाच वाटणार. पेषणीत तो इतर खड्यांवर घासला जातो आणि जठरातील आम्लात विरघळू लागतो. शिसे रक्तात जाते. रक्तातला लाल पदार्थ तयार करणाऱ्या विकराचे काम ते बंद पाडते आणि मज्जातंतू निकामी करते. पेषणीचे स्नायू लुळे पडतात. अन्न आत साठून राहते आणि पुढे सरकत नाही. मान वाकडी होऊन पाठीवर पडते. भरल्या पोटी हंस उपाशी मरतो.

ब्रिटनच्या निसर्गसंरक्षण मंडळाने १९८१ च्या अहवालात हे कारण स्पष्टपणे मांडले. प्रथम मासेमारांना समजावून सांगण्याचा प्रयत्न झाला, पण तेवढ्याने भागले नाही. अखेर १ जानेवारी १९८७ पासून ०.०६ ग्रॅमहून जड व २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची आयात आणि विक्री बंद करण्यात आली. हा २८.३५ चा विचित्र आकडा कोठून आला? तो म्हणजे बरोबर एक औंस. पक्ष्याच्या गळ्याखाली उतरतील अशी वजने यात धरली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढू लागली.

कॅनडाने १९९७ पासून आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमहून कमी शिशाची वजने वापरायला मनाई केली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात लून नावाचे पाणबुडे पक्षी शिशाची वजने गिळून मरत होते. तेथे २००० सालापासून तळी आणि सरोवरांत अशी लहान वजने वापरायला बंदी आली. डेन्मार्कने २००२ साली शिशाच्या वजनांची विक्रीच थांबवली.

कोणी म्हणेल, "ही सगळी उदाहरणे संथ पाण्याची आहेत. स्टीलहेडच्या खळाळत्या नद्यांत हंस थोडेच खडे वेचतात?" हा प्रश्न योग्य आहे. पण वॉशिंग्टन राज्याच्या त्याच वायव्य कोपऱ्यात आणि सीमेपलीकडच्या ब्रिटिश कोलंबियात, १९९९ पासून काही वर्षे हिवाळ्यात येणारे तुतारी हंस शेकडोंनी शिशाने मेले. ते शिसे शिकारीच्या बंदुकीचे होते, गळाचे नव्हते. मात्र हंसाला दोन्हींतला फरक कळत नाही. मघाशी पाहिलेल्या लवचीक वजनात तर हेच छर्रे भरतात. शिवाय नदी काही सगळीकडे खळाळत नाही. पूर आला की ती तळाचे गोटे, वाळू, छर्रे सारे पुढे लोटते आणि वेग जेथे मंदावतो तेथे ओझे खाली ठेवते. शिसे गंजून नाहीसे व्हायला फार काळ लागतो. ब्रिटनमध्ये बंदीनंतर कित्येक वर्षांनीही जुन्या शिशाने हंस आजारी पडल्याचे आढळले आहे. आज हरवलेली गोळी उद्याच्या पक्ष्यासाठी तेथेच पडून असते.

माझे मत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. जी वस्तू हरवणारच आहे, ती कशाची करावी? माझे मत असे: अशा वस्तूचे दोन धर्म पाहिले पाहिजेत. आपल्या हातात असताना ती काय करते, हा एक. आणि आपल्या हातून सुटल्यावर ती काय करते, हा दुसरा. शिसे पहिल्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते आणि दुसऱ्या परीक्षेत साफ नापास होते. स्वस्त म्हणताना आपण फक्त दुकानदाराला दिलेले पैसे मोजतो. हंसाने जे दिले ते मोजत नाही.

पर्याय निवडतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. जस्त शिशापेक्षा बरे असेल असे वाटते, पण गिळलेले जस्तही पक्ष्यांना बाधते. पितळेच्या काही प्रकारांत थोडे शिसे मिसळलेले असते. कथील मऊ असते व दाबून बसवता येते, पण महाग पडते. लोखंडाचा साधा नट कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो गंजतो, हा त्याचा दोष सांगतात. नदीत हरवणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तो मला गुणच वाटतो. गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, आणि आपल्या तांबड्या मातीचा तांबडा रंग त्याचाच आहे.

आणि दगडाचे काय? १० ग्रॅम शिशाचे काम करायला काळ्या पाषाणाचा सुमारे १४ ग्रॅमचा खडा लागेल. दोरीसह त्याची सावली १२.४, म्हणजे शिशाच्या सव्वापटीजवळ. फार वेगवान पाण्यात तो कमी पडेल, पण संथ पाण्यात तो चांगला चालेल. हडप्पा संस्कृतीच्या गावांत भाजलेल्या मातीची जाळ्याची वजने सापडली आहेत. त्या लोकांची वजनेही पाण्यात हरवली असतीलच. त्यांनी कोणाचे काही बिघडवले नाही.

आपल्याकडे हंसांच्या मरणासारखी हकीकत नाही म्हणून हा विषय परका समजू नका. आपल्या नद्या-खाड्यांत पाग फेकणारे कोळीबांधव तुम्ही पाहिले असतील. त्या फेकजाळ्याच्या कडेला लहान लहान वजने ओवलेली असतात आणि ती पुष्कळदा शिशाची असतात. जाळे गोल उघडून झरझर खाली जावे, म्हणून ती हवीतच. तो पोटाचा व्यवसाय आहे. त्यांना दूर बसून उपदेश करणे सोपे आहे, आणि तसे करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या घरी शिसे वितळवून अशी वजने ओतत असतील, तेथे निदान ते काम स्वयंपाकघरात आणि लहान मुलांजवळ होऊ नये. शिशाच्या गोळ्या कोणी दातांनी दाबू नयेत. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घास तोंडात घालू नये. रक्तात शिशाचे अमुक एक प्रमाण सुरक्षित असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि त्याचा सर्वांत जास्त घाला वाढत्या मुलांच्या मेंदूवर पडतो.

"एवढी जुनी सवय मोडणार कशी?" असे म्हणणाऱ्यांना पेट्रोलची आठवण द्यावी. मोटारीचे इंजिन नीट चालावे म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. त्यावाचून चालणारच नाही, असे सांगणारे जाणते लोकही होते. भारतात २००० साली ते थांबले, आणि २०२१ साली जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देशही थांबला. गाड्या चालूच आहेत. जेथे धूर जातो तेथून शिसे काढता आले, तर गळाच्या दोरीवरून काढणे अवघड का असावे?

वर्गात करून पाहा

शिक्षकांना एक विनंती आहे. 'द्रवाची उत्प्लावकता' हा पाठ शिकवताना फळ्यावरच्या चौकोनी ठोकळ्याबरोबर हा गळही वर्गात आणावा. तानकाट्याला लोखंडाचा एक मोठा नट टांगा. हवेतले वजन वाचा, मग तो बादलीतल्या पाण्यात बुडवून वाचा. सुमारे एक अष्टमांश वजन कमी झालेले दिसेल. मग तेवढ्याच वजनाचा काळा दगड टांगा. येथे वजन एक तृतीयांशाहूनही थोडे जास्त घटेल. दोन्हींची घनता विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या. शिसे मात्र प्रत्यक्ष आणू नका, त्याची घनता पुस्तकातून घेऊन हिशेब करा. नंतर दोरीच्या सावलीचे गणित घाला. गोळीपेक्षा दोरीवर रेटा जास्त असतो हे स्वतःच्या आकडेमोडीतून कळले, की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसेल तो कोणत्याही गुणांहून मोठा असेल.

आणि मित्रहो, तुमच्यापैकी कोणी सुट्टीत काका-मामांबरोबर गरवायला गेलात, तर एकटे वाहत्या पाण्यात उतरू नका. बरोबर खिसाभर लोखंडी नट न्या. हलक्या वजनापासून सुरुवात करा, हाताला टक्-टक् जाणवेपर्यंत एकेक वाढवा. एखादे वजन दगडात अडकून तुटले, तर तुटू द्या. ते कोठे गेले आणि तेथे काय करील, हे तुम्हांला ठाऊक असेल: ते गंजेल, मातीत मिसळेल, आणि कोणाच्याही पोटात विष कालवणार नाही.